अर्लिंदोच्या नको असलेल्या पदव्या

अर्लिंदो बेत्तेनकोर ओक फ्लॅट कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये बसायचा असं म्हणण्यापेक्षा तो तिथे बसवलेला होता, हे म्हणणं जास्त बरोबर. खिडकीजवळ, थंड पेयांच्या यंत्राला पाठ लावून त्याचं टेबल. मुलं येऊन गेली, दोन-तीन प्राध्यापक निवृत्त झाले, कॅन्टीनचा ठेकेदार बदलला, बर्गर गेले आणि बुरितो आले. अर्लिंदो होता तिथेच. मुलं त्याला 'डीनसाहेब' म्हणायची. आधी टिंगल म्हणून, मग सवय म्हणून. नव्याने आलेली पोरं तर तो खरोखरच डीन आहे असं समजून उभी राहायची, आणि अर्लिंदो त्यांना हाताने 'बसा, बसा' करायचा. गैरसमज काही दूर करायचा नाही.

खरं म्हणजे असल्या कॉलेजात कोणी मुक्कामाला येत नाही. घरचं जेवून, बेताच्या फीमध्ये पहिली दोन वर्षं इथे काढायची, लागतात तेवढे विषय पदरात पाडून घ्यायचे, आणि मग किनाऱ्यावरच्या मोठ्या विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जाऊन बसायचं. खोऱ्यातल्या गोठेवाल्यांची, टोमॅटोवाल्यांची, ट्रक हाकणाऱ्यांची पोरं वर्षानुवर्षं हेच करत आली. कॉलेज म्हणजे बसस्टँड. अर्लिंदोने त्या स्टँडवर बिऱ्हाड थाटलं होतं.

आणि वेळापत्रक त्याला तोंडपाठ होतं. इथला कुठला पेपर कुठल्या विद्यापीठात चालतो, कुठला चालत नाही, कुठला गेल्या वर्षी चालत होता पण औंदा बंद झाला, कुठल्या प्राध्यापकाकडे रसायनशास्त्र घेतलं तर प्रयोगशाळेची किल्ली शोधण्यात अर्धं सत्र जातं, हे सगळं त्याच्या जिभेवर. कॉलेजने नेमलेल्या मार्गदर्शक होत्या हॅगर्टी मॅडम. त्यांच्या दाराशी इतकी रांग असायची की आज नंबर लावला तर भेट मिळेपर्यंत सत्र सुरू झालेलं असे. त्या बिचाऱ्या दार किलकिलं करून हळूच सांगायच्या, "कॅन्टीनमध्ये जा. खिडकीशी एक दाढीवाला बसलाय. मी पाठवलं म्हणून कुठे बोलू नकोस."

दाढीवाल्याने किती पोरांना मार्गी लावलं याला हिशेब नाही. कोणी नर्स झालं, कोणी शिक्षक झालं, एक तर फळांच्या कंपनीचा वकील झाला आणि अर्लिंदोला ओळख द्यायचा बंद झाला. फक्त एका विद्यार्थ्याचं नियोजन काही पुरं होत नव्हतं. त्या विद्यार्थ्याला पर्यावरण धोरण या विषयात पदवी घ्यायची होती, त्याचं नाव अर्लिंदो बेत्तेनकोर, आणि त्याचं वय आता चौतीस होतं.

हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते पाण्यातून. अर्लिंदोचे आईवडील लवकर गेले; त्याला वाढवलं वडिलांच्या बहिणीने, ओदिलिया आत्याने. गावाबाहेर त्यांचं घर, घरामागे रिकामा गोठा आणि अंगणात विहीर. विहीर म्हणजे काय, जमिनीत गेलेला पाइप आणि वर घरघरणारा पंप. अर्लिंदो विशीत असताना काउंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्हा सरकारचा, माणूस येऊन पाण्याची बाटली भरून घेऊन गेला आणि पंधरवड्याने सांगून गेला की या पाण्यात नायट्रेट फार आहे, हे पिऊ नका, आणि उकळूही नका, उकळल्याने ते वाढतं. अर्लिंदोचं रक्त तापलं. त्याने स्वयंपाकघरात उभं राहून जाहीर केलं की आपण शिकणार, राजधानीत जाऊन कायदे करणार आणि या खोऱ्याचं पाणी साफ करणार.

आत्या कोबी चिरत होती. ती म्हणाली, "पाणी कोणी नासवलं ठाऊक आहे का तुला?"

"तेच तर शिकायचंय."

"त्यात शिकायचं काय? शेण. आपलं शेण, शेजाऱ्याचं शेण, त्याच्या शेजाऱ्याचं शेण. तुझ्या बापाने पन्नास गाईंचं मूत याच जमिनीत जिरवलं आणि त्या दुधावर तुझे दात आले. जा, सांग जाऊन राजधानीत."

अर्लिंदोने हे मनावर घेतलं नाही. पहाटे चुलतभावाच्या गोठ्यावर चाऱ्याचा ट्रक चालवायचा, दुपारी कॉलेज, असा नेम त्याने धरला, आणि खरंच धडाक्यात सुरुवात केली. पहिल्या दोन वर्षांत त्याने अर्थशास्त्र, जीवशास्त्र, राज्यशास्त्र सगळं चांगल्या गुणांनी उरकलं. मग त्याच्या लक्षात आलं की एका विद्यापीठाला संख्याशास्त्र लागतं आणि दुसऱ्याला कलनशास्त्र. आपण एकाच दाराशी का उभं राहायचं? त्याने दोन्ही घेतले. तोवर तिसऱ्या विद्यापीठाने भूगोल सक्तीचा केला. भूगोल घेईपर्यंत पहिल्याने अभ्यासक्रमाचं नाव बदलून त्यात 'शाश्वत' हा शब्द घातला आणि नीतिशास्त्राचा पेपर वाढवला. दुसरा एखादा म्हणाला असता, जाऊ दे, जे आहे ते घेऊन निघू. अर्लिंदोला मात्र यात एक गोडी लागली. एकदा सगळं बिनचूक जुळवून मगच निघायचं, एकही पेपर वाया जाता कामा नये, असा त्याचा हट्ट. नकाशा इतका सुबक झाला होता की प्रवासाला निघून तो चुरगाळायचं त्याच्या जिवावर यायला लागलं.

एकदा तर त्याला प्रवेश मिळालाही होता. तो किस्सा त्याने टेबलावर इतक्यांदा सांगितला की नवी पोरं तो आपसांत नक्कल करून म्हणायची. विद्यापीठाने त्याला घेतलं, पण त्याचा मृदाशास्त्राचा पेपर धरला नाही. म्हणाले, हा इथे पुन्हा करावा लागेल. अर्लिंदोने जागा परत केली.

ग्रिसेल्डा ओचोआने हा किस्सा ऐकला तेव्हा ती हसली नाही. एकोणीस वर्षांची मुलगी, आई टोमॅटोच्या शेडमध्ये पॅकिंगला. हॅगर्टी मॅडमनी दाराच्या फटीतून पाठवली होती. ती टेबलाशी आली आणि म्हणाली, "डीनसाहेब तुम्हीच का? मला पर्यावरण धोरणाला जायचंय. आमच्या नळाचं पाणी पिवळं येतं."

अर्लिंदो उजळला. इतक्या वर्षांत त्याच्या स्वतःच्या विषयाचं गिऱ्हाईक पहिल्यांदा आलं होतं. त्याने बुरितो बाजूला सारला आणि तिची दोन वर्षं त्या एका दुपारी आखून दिली. उन्हाळ्यात संख्याशास्त्र, अर्थशास्त्राचे दोन पेपर लागोपाठ, रसायन सकाळच्या बाईंकडेच, आणि बाकी कशाकडे ढुंकूनही बघायचं नाही. ग्रिसेल्डाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुम्ही का नाही गेलात?"

तिने मृदाशास्त्राचा किस्सा ऐकला. "मातीच्या एका पेपरसाठी?"

"पेपरचा प्रश्न नव्हता. तत्त्वाचा होता."

"पुन्हा केला असता तर काय झालं असतं?"

"झालं काहीच नसतं," अर्लिंदो म्हणाला, "पण मला येत होतं ना ते."

ग्रिसेल्डाने यावर 'बरं' एवढंच म्हटलं. दोन वर्षांनी ठरल्याप्रमाणे ती गेली. अर्लिंदो महिनाभर ज्याला त्याला सांगत होता, "पोरगी हुशार होती, पण घाई केली. भूगोल राहिला तिचा."

त्यानंतर दुष्काळाची वर्षं आली. आत्याच्या घरापलीकडे पूर्वी कापूस असायचा, तिथे शहरातल्या कुठल्याशा कंपनीने बदाम लावले आणि बदामांसाठी इतकं खोल भोक पाडलं की गावात कोणी म्हणे, त्यातून पृथ्वीच्या पार पलीकडचं चिनी बोलणं ऐकू येतं. त्याच उन्हाळ्यात एका सकाळी आत्याच्या डोक्याला साबण लागलेला असताना पंपाने हवा ओकली आणि तो गप्प झाला. नासकं का होईना, होतं ते पाणीही गेलं.

आत्या डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आली. अर्लिंदो ओसरीवर नव्या सत्राचं वेळापत्रक वाचत होता.

"पाणी गेलं," ती म्हणाली.

"भूजल पातळी उतरलीये," तो मान न वळवता म्हणाला. "अपेक्षितच होतं."

"अपेक्षित होतं तर मला आंघोळीच्या आधी सांगायचं होतंस, मेल्या!"

काउंटीने अंगणात एक काळी प्लास्टिकची टाकी आणून बसवली. आठवड्यातून एकदा टँकर येऊन ती भरायचा. आत्या भांड्यांचं पाणी गुलाबाला घालायची आणि ते घालताना पलीकडच्या बदामांकडे बघत पोर्तुगीजमध्ये असं काही पुटपुटायची की ते भाषांतर करण्यासारखं नव्हतं.

सप्टेंबरात बातमी आली की भूजल मंडळाची जाहीर सुनावणी होणार आहे. उपसा किती करायचा, कोणी करायचा, याचा आराखडा मंडळ मंजूर करणार होतं. लोकांनी येऊन आपलं म्हणणं मांडावं. जागा गावातल्या पोर्तुगीज लोकांच्या हॉलची, जिथे पवित्र आत्म्याच्या सणाला सगळा गाव लांब टेबलांवर बसून सूपात भिजलेला पाव खातो. आत्याने काळा ठेवणीतला पोशाख काढला.

"तू बोलायचंस," तिने अर्लिंदोला बजावलं. "एवढी वर्षं त्या कॉलेजात काय तू माशा मारल्यास? आज बोल."

"आत्या, माझा पाणी-कायद्याचा पेपर अजून व्हायचाय. तो फक्त वसंत सत्रात असतो."

"टाकी माझ्या अंगणात आहे, वसंत सत्रात नाही."

हॉल भरला होता. मंचावर मंडळाचे पाच सदस्य, पाचही जण जमीनवाले आणि बदामवाले, पाचांच्याही टोप्या ट्रॅक्टर कंपन्यांच्या. आणि त्यांच्या शेजारी, जाकीट घालून, समोर घड्याळ ठेवून बसलेली अधिकारी म्हणजे ग्रिसेल्डा ओचोआ. पदवी घेऊन ती मंडळाच्या नोकरीत लागली होती. तिने अर्लिंदोला पाहिलं आणि किंचित मान हलवली.

प्रत्येकाला तीन मिनिटं होती. अर्लिंदो माइकपाशी गेला. त्याच्या पोटात जेवढं ज्ञान होतं तेवढं त्या मंचावरच्या पाच टोप्यांखाली मिळून नव्हतं, हे खरं. पण ज्ञान पोटात असणं निराळं. तो म्हणाला, "आराखड्यात 'शाश्वत' हा शब्द दोन अर्थांनी वापरला आहे. आधी आपण व्याख्या स्पष्ट करून घेऊ." मग त्याने पहिली व्याख्या सांगितली. ती कुठल्या शाखेतून आली ते सांगितलं. दुसरीवर कोणकोणते आक्षेप आहेत ते सांगायला त्याने सुरुवात केली, एवढ्यात घड्याळ वाजलं. विहिरीचा 'वि' सुद्धा उच्चारून झाला नव्हता.

"धन्यवाद," ग्रिसेल्डा म्हणाली. "आपली सूचना नोंदवून घेतली आहे."

आत्या उठली. तिने माइक स्वतःकडे ओढला आणि मंचावरच्या मधल्या टोपीला म्हणाली, "ए मॅनी, तुझ्या आईने आणि मी याच हॉलमध्ये सूप वाढलंय. माझी विहीर आटली, मला डोकं धुवायला पाणी नाही. आणि तुझं बदामाचं झाड माझ्यापेक्षा जास्त आंघोळ करतं." हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मॅनी टोपी काढून म्हणाला, "बरोबर आहे तुमचं, मावशी." मग त्याने टोपी घातली आणि बागांचा उपसा आहे तसाच ठेवणाऱ्या आराखड्याच्या बाजूने मत दिलं. पाच विरुद्ध शून्य.

"आपली सूचना नोंदवून घेतली आहे," ग्रिसेल्डा आत्यालाही म्हणाली. मात्र या वेळी तिने खालच्या कागदाकडे बघत म्हटलं.

बाहेर गाड्यांपाशी ती अर्लिंदोला गाठायला आली. तो घुश्शात होता.

"हे करायला गेली होतीस का तू विद्यापीठात? नोंदवून घ्यायला?"

"हो," ग्रिसेल्डा म्हणाली. "तेच करते मी. दिवसभर नोंदवून घेते. आराखड्यात घरगुती विहिरींवर दोन पानं मी घातली होती, त्यांनी काढून तळटीप केली. त्या तळटिपेसाठी मी वर्षभर भांडले. आणि तुम्ही आज काय केलंत, डीनसाहेब? व्याख्या सांगितलीत."

"व्याख्या चुकीची होती."

"होती ना! मलाही माहीत होतं, तुम्हीच शिकवलंत. पण आत्या उभ्या राहिल्या नसत्या तर त्या खोलीत विहीर हा शब्द कोणी उच्चारलाच नसता." ती गाडीची किल्ली शोधू लागली. "मी त्या ऑफिसात एकटी आहे. दुपारचं जेवण गाडीत बसून खाते. तुम्ही एव्हाना तिथे असायला हवं होतं. राग आला तर येऊ दे."

राग आलाच. पुढचे कित्येक दिवस अर्लिंदो टेबलावर येणाऱ्या पोरांना तिच्या तळटिपेची नक्कल करून दाखवत होता, आणि नक्कल अर्धी टाकून पोरांची वेळापत्रकं मागत होता.

ऑक्टोबरात कॉलेजनेच त्याच्यावर घाला घातला. झालं असं, की सरकारने ठरवलं, इथून पुढे कॉलेजला पैसा मिळेल तो किती पोरं शिकतात यावर नाही, किती पोरं पदवी घेऊन बाहेर पडतात यावर. प्राचार्य डॉ. विन्स्लो यांनी संगणकाला विचारलं की ज्यांचे विषय पुरे झालेत पण ज्यांनी पदवी मागितलीच नाही, असे कोण कोण आहेत? संगणकाने एका नावापाशी जरा जास्तच वेळ घेतला. अर्लिंदोने न मागता, नकळत, पाच वेगवेगळ्या विषयांत दोन वर्षांच्या पदवीला लागणारं सगळं पुरं केलं होतं. डॉ. विन्स्लोंना खुर्चीत बसवेना. त्यांनी त्याला पाचही पदव्या देऊन टाकल्या. पत्रकावर पाच पदवीधर वाढले.

अर्लिंदोला हे कळलं ते कॅन्टीनमध्येच. प्राचार्य स्वतः केक घेऊन आले. मागे फोटोग्राफर, त्याच्या मागे हॅगर्टी मॅडम, चेहरा शक्य तेवढा कोरा ठेवून.

"अभिनंदन!" डॉ. विन्स्लोंनी त्याला मिठी मारली. "आमच्या कॉलेजचा सर्वांत यशस्वी विद्यार्थी!"

"पण मी मागितल्या नव्हत्या," अर्लिंदो म्हणाला.

"तीच तर गंमत!"

"परत घ्या."

डॉ. विन्स्लो फोटोग्राफरकडे बघून हसत राहिले. पदवी परत घ्यायची रीत कॉलेजात नव्हती. अर्लिंदोने अर्ज केला. समितीपुढे उभं राहून सांगितलं की पाचांपैकी एकही माझ्या उद्दिष्टाशी जुळत नाही, त्यातली एक तर गृहविज्ञानाची आहे, आणि ती मी नकळत मिळवली, पोषणाच्या दोन पेपरांमुळे. समितीने शांतपणे ऐकलं. समिती म्हणाली, आपली भावना आम्ही समजू शकतो. म्हणजे अर्ज फेटाळला.

त्यानंतर त्याचं कॉलेजातलं पाणीच तुटलं. पदवीधरांना विषय निवडायचा नंबर सगळ्यांत शेवटी. पाणी-कायद्याचा तो वसंत सत्रातला पेपर त्याच्यापर्यंत येईतो भरून गेला. तो तणतणत हॅगर्टी मॅडमकडे गेला. त्या दिवशी, नवल म्हणजे, दारात रांग नव्हती.

"तुम्ही थांबवू शकला असतात हे," तो म्हणाला.

"शकले असते." मॅडमनी चष्मा काढला. "तुझं नाव यादीत मीच राहू दिलं. ऑफिसातल्यांनी खोडायला सांगितलं होतं मला, म्हणाले, हा गडी अडचणीचा आहे. मी नाही खोडलं."

"का?"

"अर्लिंदो, माझी चार वर्षं राहिलीत निवृत्तीला. मी गेल्यावर त्या खिडकीशी तू पन्नाशीचा होऊन बसलेला असशील, हे मला घरी जेवताना आठवायला नकोय. इतका सरळ हिशेब आहे. आता माझ्यावर चीड, पण अर्ज भर."

तो चिडला. चिडून घरी गेला आणि ताटावर बसल्या बसल्या आत्याला सगळं सांगितलं. तिने नवा पाव कापला, त्यावर लोणी लावलं आणि विचारलं, "पाच पदव्या? त्यातली गृहविज्ञानाची म्हणजे काय करायचं?"

"काही नाही. घर नीट चालवायचं."

आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला. मग ठसका ओसरल्यावर म्हणाली, "तू गेलास तर मी मरणार नाहीये. तुला तसं वाटत असेल म्हणून सांगते. टँकरवाला तुझ्यापेक्षा वेळेवर येतो."

असं काही आपल्याला वाटतं हे अर्लिंदोने कधी कबूल केलं नव्हतं. तो जेवत राहिला. नोव्हेंबरअखेर, मुदतीच्या शेवटच्या दुपारी, त्याने एकाच विद्यापीठाला एकच अर्ज पाठवला. आधी चार दिवस त्याने निबंधातले स्वल्पविराम तपासले हे खरं, पण पाठवला.

प्रवेश मिळाला. मृदाशास्त्राचा पेपर या वेळीही त्यांनी धरला नाही.

ऑगस्टात आत्याने चुलतभावाच्या ट्रकमध्ये त्याची गादी चढवली. कॅन्टीनचं टेबल दोन दिवस रिकामं राहिलं. तिसऱ्या दिवशी तिथे पत्ते खेळणारी पोरं बसली आणि हॅगर्टी मॅडमच्या दाराशी पुन्हा रांग लागली. विद्यापीठात अर्लिंदोला कोणी डीनसाहेब म्हणेना. विशीतली पोरं त्याला 'सर' म्हणून वर्गाचा पत्ता विचारायची आणि तो पहिले काही दिवस सवयीने सांगायचाही, आणि चुकीचा सांगायचा. मृदाशास्त्राच्या वर्गात तो पहिल्या बाकावर बसून सगळी उत्तरं आधीच द्यायला लागला, तेव्हा बाईंनी त्याला मागे बसायला सांगितलं.

पहिल्या महिन्याच्या शेवटी त्याने आत्याला फोन केला. टाकी निम्मी होती, बदामांची झोडणी चालू होती आणि सगळं घर धुळीने माखलं होतं, एवढं तिने सांगून टाकलं.

"आणि तुला काय शिकवतात तिकडे?" तिने विचारलं.

"भूजलाचा कायदा. तो कसा झाला, कोणी लिहिला."

"कोणी लिहिला?"

"होती मोठी मोठी माणसं. वकील, तज्ज्ञ."

"शिकलेली?"

"मग! एकेकाला तीन-तीन पदव्या."

पलीकडून टाकीत पाणी पडल्याचा आवाज येऊ लागला. टँकर नुकताच आला असावा.

"मग अर्लिंदो, तू फार शिकू नकोस हं," आत्या म्हणाली. "लागेल तेवढंच शीक आणि ये."

अर्लिंदोला यावर पुष्कळ बोलायचं होतं. पण तासाची वेळ झाली होती, आणि मागच्या बाकावरची हजेरीसुद्धा बाई घेत असत.